बंदरावरचे शेडबाळे काका

समाजसेवक म्हटलं की शेडबाळे काका चिडतात, आणि खरं सांगायचं तर मीही चिडते. परवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'आपल्या परिसरातील थोर समाजसेवक'. अहो, कसला समाजसेवक! समाजसेवकाच्या शर्टाला कधी बोंबलाचा वास येतो का? खाली चाळीस जणांनी हात जोडले, फुलं वाहिली, आणि माणूस मात्र त्यातल्या एकालाही धड ठाऊक नाही. तेव्हा म्हटलं, हेमाली, आता तूच लिही. नाहीतर उद्या हे लोक काकांचा पुतळा उभारतील आणि त्यावर कावळे बसतील.

आनंदा शेडबाळे मूळचे सांगलीकडचे, जत तालुक्यातले. बोईसरच्या एमआयडीसीत वीस-बावीस वर्षं फिटर होते. कंपनी बंद पडली तेव्हा काका पंचावन्न वर्षांचे. त्या वयात नव्या कंपनीत कोण घेणार? तारापूरच्या अलीकडे, समुद्राला लागून आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात शिपायाची कंत्राटी जागा निघाली, ती त्यांनी धरली. रोज बोईसरहून सायकल. पहिल्या दिवसापासून गावाची हद्द लागली की नाकाला रुमाल लावायचे, कारण घरात अंडंसुद्धा न शिजवणारा माणूस, आणि आमच्या गावात तर वारासुद्धा मासळीवरून येतो. बाया हसायच्या. "घाटावरची नवरी आली बघा, पदर घेऊन!"

शिपायाचं काम काय? घंटा द्यायची, पाणी भरायचं, फाटक लावायचं. काकांनी आणखी एक काम स्वतःच्या मागे लावून घेतलं. आम्ही वर्गात जाताना चपला बाहेर काढायचो. हजेरी बाई घ्यायच्या नावांवरून, काका घ्यायचे चपलांवरून. कुणाच्या निळ्या, कुणाच्या अंगठा तुटलेल्या, कुणाच्या भावाच्या, दोन नंबर मोठ्या. सगळ्या त्यांना पाठ. एखादी जोडी तीन दिवस दिसली नाही की चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर काका सायकल घेऊन त्या घरी हजर. "पोरगं आजारी हाय का कामाला लावलंय?" एवढंच विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

शाळेची एक जुनी खोली होती, मोडक्या बाकांनी भरलेली. ती त्यांनी रिकामी केली, भंगारवाल्याकडून लोखंड घट्ट पकडायचे दोन व्हाइस आणले, लाकडी टेबलाला ठोकले आणि नववी-दहावीच्या पोरांना शनिवारी कानस धरायला शिकवायला लागले. लोखंडाचा एक तुकडा द्यायचे आणि म्हणायचे, चारी बाजू काटकोनात आण. आम्ही तासभर घासायचो. काका त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून तुकडा खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा हातात द्यायचे. रागावणं नाही, काही नाही. पण त्यांना 'जमलं' म्हणायला लावायला आमच्या नाकी नऊ यायचे! आणि घासता घासता बाकीचं सांगायचे. कंपनीत पहिल्या दिवशी काय करायचं ते कंपनीच शिकवते, कुठं उभं राहायचं नाही ते कुणी सांगत नाही, म्हणून ते मी सांगतो म्हणायचे. वर साखळीला वजन लटकत असेल तर त्याखाली नाही. वळत्या फोर्कलिफ्टच्या मागे नाही. सुपरवायझर "ए लडकी, इधर आ" म्हणून ओरडला तरी धावायचं नाही, चालत जायचं.

आता माझी गोष्ट.

मी दहावीत होते त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर माझ्या मोठ्या बहिणीचं, उन्नतीचं लग्न झालं. ती सासरी गेली आणि आमच्या घरातला बोंबील सुकवणारा एक माणूस कमी झाला. आमचा बाप, नवशा, बोटीवर खलाशी, चार-चार दिवस दर्यात. माझी आय, नलू, एकटी. बोट लागली की टोपल्यांनी बोंबील यायचा, आणि बोंबील थांबत नाही. सकाळी आला तो सकाळीच वलांडीवर गेला पाहिजे. वलांडी म्हणजे बांबू उभे करून त्यांना बांधलेल्या दोऱ्या. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जिथे बघाल तिथे त्याच.

आयने ठरवून टाकलं. "शाळा बस झाली. मे महिन्यापर्यंत बंदरावर राह्यचं, मग कंपनीत लागायचं. उन्नतीचं आधार कार्ड हाय ना? तेच दाखवायचं." म्हणजे मी पंधरा वर्षांची हेमाली, गेटवर एकोणीस वर्षांची उन्नती होऊन पॅकिंगला जाणार. आमच्याकडे हे काही फार जगावेगळं नव्हतं. माझ्या वर्गातली किंजल तसंच आठवीतून गेली होती. मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. मग दुसऱ्या दिवशी भूक लागली आणि जेवले. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, पण फॉर्म भरून काय होतंय, शाळेत जाणारी पोरगी तर वलांडीवर होती.

चौथ्या दिवशी काका आले. आयने त्यांना उभ्या उभ्या वाटेला लावलं. पुन्हा आले. पुन्हा लावलं. आयच्या तोंडाचा पट्टा सुटला की भलेभले खलाशी बाजूला होतात, पण हा माणूस नुसता ऐकून घ्यायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा.

असाच एका रविवारी आले. आय सुकी मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला गेली होती. मी दोन टोपल्या ओला बोंबील घेऊन वलांडीपाशी एकटी. काकांनी खिशातून बीजगणिताची प्रश्नपत्रिका काढली, त्यात वर्गसमीकरणं. म्हणाले, "तू ही सोडव. तवर हे मी टांगतो." मी म्हटलं, काका, तुम्हाला नाही जमणार. म्हणाले, "अगं, वीस वर्षं मशिनी जोडल्या. मासा काय जोडता येत न्हाई?"

माझी चूक अशी की मी ऐकलं. आठवडाभरानं हातात पेन आलं होतं, मी खाली मान घातली ती वरच केली नाही. काकांनी बोंबील टांगायला घेतला. जबड्याला हात लावला की दात टोचायचे, म्हणून त्यांनी पिशवीतून बारीक तार काढली, दहा-दहा बोंबलांच्या शेपट्या एकत्र बांधल्या आणि त्या जुड्या दोरीला लटकवल्या. एका लायनीत, एका मापात. दीड तासाने मला हाक मारून म्हणाले, "बघ की, कसं झालंय." दिसायला सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. मला कळत होतं हे चुकीचं आहे, पण माझी चार गणितं सुटली होती आणि पाचवं सुटत आलं होतं. मी गप्प बसले.

बोंबील म्हणजे निम्मं पाणी. रात्रीत त्या जुड्या एकमेकांना चिकटल्या, वारा आत शिरलाच नाही. मऊ शेपट्या तारेने कापल्या गेल्या आणि अर्धा माल वाळूत पडला. सकाळी आय वलांडीवर आली आणि बंदरावरची कुत्रीसुद्धा लांब पळाली.

काका शाळेत जायच्या आधी आमच्याकडे डोकावायला आले, ते नेमके त्याच वेळी. "ओ शाळेवाले!" आय कडाडली. "ही काय तोरणं लावलीत? बोंबील हाय का लग्नाचा मांडव? दोन टोपल्या मासळी मातीत घातलीत माझी! तुमच्या शाळेत हाच धडा हाय का? आन् ही बया डोळे मिटून बसलेली काय?"

मला वाटलं, संपलं. आता काका परत यायचे नाहीत आणि आले तरी आय त्यांना उभं करायची नाही.

काकांनी सायकल स्टँडवर लावली. वाळूतला एक बोंबील उचलला, उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "ताई, चूक माझी हाय, पोरीची न्हाई. जॉबच कळला न्हाई मला. उद्यापासनं सकाळी येतो. तुमी शिकवा. तुमचं जेवढं गेलं तेवढं मी टांगून देणार."

आय म्हणाली, "नको." काका दुसऱ्या दिवशी सहाला हजर. आय म्हणाली, जावा. काका टोपलीपाशी बसले. शेवटी आयनेच हात टेकले.

तिने शिकवलं ते बघण्यासारखं होतं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. दात इतके बारीक आणि आकडेदार की जोडी सुटत नाही. काकांनी पहिली जोडी जमवली तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. "आयला! नट न्हाई, बोल्ट न्हाई, आन् जॉइंट पक्का!" आयने ती जोडी ओढून बघितली, सुटली, काकांच्या हातात परत दिली. पुन्हा सुटली, पुन्हा दिली. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि इतकी हसले की आयने मला पण एक धपाटा घातला. आम्हाला तासन् तास घासायला लावणाऱ्या माणसाला शेवटी कुणीतरी भेटलं!

महिन्याभरात काकांचा हात बसला, गेलेलं भरून निघालं, तरी ते येतच राहिले. सहा ते साडेनऊ वलांडी, मग आमच्याच मोरीवर हात-पाय धुऊन शाळा. नाकाचा रुमाल कधी गेला ते त्यांनाही कळलं नसेल. बाया त्यांना 'शेडबाळे मावशी' म्हणायला लागल्या. काका म्हणायचे, "व्हय, मावशी म्हणा, पण टोपली हिकडं सरकवा." आणि काका टांगत असायचे म्हणून मी सकाळी घरात बसून वाचायची आणि अकराला शाळेत असायची. आयने जा म्हटलं नाही कधी. नको जाऊ म्हणायचंही सोडलं.

एकदा टांगता टांगता आयने तो आधार कार्डाचा विषय काढला. काका म्हणाले, "ताई, माझा विक्रम नववीत असताना असाच दुसऱ्याच्या कार्डावर कंपनीत गेला. माझी डबल शिफ्ट चालायची. चार महिने पोरगं शाळेत न्हाई, मला पत्ता न्हाई. मशिनीत हात सापडला तवा कळालं. दवाखान्यात नाव काय सांगायचं, खरं का कार्डावरचं, ह्यातच सोबतची पोरं घाबरून बसली." मग म्हणाले, "आता बरं हाय त्याचं. मनोरला टायरचं दुकान हाय. पण उजव्या हातानं जेवत न्हाई." त्यानंतर उन्नतीच्या आधारचं नाव तिने काढलं नाही, हे मला लक्षात आहे.

फेब्रुवारीत काका शनिवारच्या वर्गात कानस हातात घेईनासे झाले. नुसते तोंडाने सांगायचे. मला वाटलं, वय झालं. मी काय सांगू, मी गाढव होते. माझ्या डोळ्यांसमोर रोज तो माणूस टोपलीत हात घालत होता आणि मला त्याचे हात दिसले नाहीत.

मार्च आला. पहिला पेपर मराठीचा, केंद्र बोईसरला, साडेदहाला आत. आणि त्याच पहाटे बोटी लागल्या, त्या अशा भरून की सगळ्या मोसमात तेवढी मासळी आली नव्हती. आमच्या वाट्याला नऊ टोपल्या. सात वाजले, साडेसात वाजले, काका नाहीत. आय एकटी टांगतेय, घामाने निथळतेय, बाकीच्या बायांना आपापलं पुरे झालेलं.

मी युनिफॉर्म घालून आले होते. आठ वाजता ओढणी कमरेला बांधली आणि टोपलीपाशी बसले. आय म्हणाली, "तुझा पेपर हाय." मी म्हटलं, "राहू दे. पुढच्या वर्षी देईन." रागातच म्हटलं. खरं म्हणजे थोडं बरंच वाटलं मला, कारण पेपरची भीतीही वाटत होती. पुढचं वर्ष येणार नाही हे आयला माहीत होतं आणि मलाही. आय माझ्याकडे बघत राहिली, मग टोपलीकडे, आणि पुन्हा टांगायला लागली. मला तिचा राग नाही आला. नऊ टोपल्या मासळी समोर असताना कुणाला काय म्हणायचं?

साडेआठच्या सुमाराला रिक्षा आली आणि काका उतरले. दोन्ही हातांना पांढरं फडकं गुंडाळलेलं. रखमाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या दिवशी सायकलला कुलूप घालून किल्ली लपवली होती. डॉक्टरने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, मासळीला हात लावू नका, खारं पाणी आणि मासळी तुमच्या कातडीला सोसत नाही. काकांनी घरी खोटंच सांगितलं, मासळीचं काम सोडलं म्हणून. आणि आम्हाला काहीच सांगितलं नाही.

"तू हितं काय करतीस?" माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत काका तेवढे एकदाच ओरडले. "उठ! रिक्षा थांबवून ठेवलीय." आणि स्वतः माझ्या जागेवर बसून फडकं सोडवायला लागले.

आयने ते हात बघितले. तळवे फाटलेले, बोटांच्या बेचक्या लालभडक, जागोजागी दातांचे ओरखडे पिकलेले. काकांनी बोंबील उचलला तो तिने त्यांच्या हातातून काढून घेतला.

"भाऊ, ठेवा ते," ती म्हणाली. शाळेवाले नाही, भाऊ. मग बाजूच्या बायांना ओरडून म्हणाली, "गे बायांनो, माझ्या टोपल्या न्या. सुकवायच्या तर सुकवा, खायच्या तर खावा, नायतर दर्यात टाका. मी चालले." आणि तशीच, खवल्यांचं लुगडं नेसलेली, कोपरापर्यंत चिकट हातांची माझी आय आम्हा दोघांना घेऊन रिक्षात चढली. जी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती ती.

पुढचं थोडक्यात सांगते. त्रेसष्ट टक्के पडले. पालघरला आयटीआय केलं, फिटर ट्रेड, बॅचमध्ये मुली दोनच. आज बोईसरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. गेटवर कार्ड दाखवते तेव्हा त्यावर माझंच नाव असतं, माझाच फोटो. ही एवढीशी गोष्ट, पण रोज सकाळी ते कार्ड गळ्यात घालताना मला काकांची आठवण होते आणि बरं वाटतं. त्या नऊ टोपल्या बायांनी सुकवल्या, एकही वाया गेली नाही, आणि आयने त्यांच्याशी पुढची दोन वर्षं भांडण केलं नाही, जे आमच्या बंदरावर फार आहे. काका आता सत्तरीला टेकले. शाळेतून निवृत्त झाले, तरी शनिवारी त्या खोलीत असतातच. त्यांच्या हाताखालून गेलेली किती पोरं वेल्डर झाली, वायरमन झाली, नर्स झाली, ते ग्रुपवाल्यांनी मोजावं. मी नाही मोजत. माझ्यापुरतं मला माहीत आहे. काका, तुम्ही हे वाचाल तेव्हा नाक मुरडाल, पण मी म्हणणारच. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मला डोक्यावर घेऊन फिरायला आवडतं.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची दुपार. पेपर सुटला, मी बाहेर आले. फाटकासमोर पालकांची ही गर्दी. आय आणि काका दिसेनात. मला वाटलं गेले, मासळी टाकून आलेली बाई तीन तास थोडीच थांबणार आहे. मग रस्त्यापलीकडे बघितलं.

किराणा दुकानाच्या पायरीवर दोघं बसली होती. आयने दुकानातून खोबरेल तेलाची बाटली घेतली होती, काकांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढले होते, आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, एकेक बोट धरून तेल चोळत होती. तोंडाने शिव्या चालूच. "अक्कल हाय का नाय? महिनाभर सांगायला तोंड नव्हतं? माझ्या पोरीपायी हात घालवून बसला असता!" काका मान खाली घालून पुटपुटत होते, "व्हय ताई. चुकलं ताई."

मी जवळ गेले. काकांनी विचारलं, "निबंध लिहिलास? पूर्ण?" मी हो म्हटलं. आयने काकांच्या शेवटच्या बोटाला तेल लावलं, बाटलीचं झाकण लावलं आणि बाटली त्यांच्या वरच्या खिशात ठेवली.

"भाऊ, उद्यापासनं तुमी बंदरावर यायचं नाय," ती म्हणाली. "हिला पेपरला मी आणीन."